गाडी खडखडते? आधी दुखणे ओळखा, मग खिशात हात घाला

पै पै साठवून घेतलेली जुनी चारचाकी ही कष्टकरी कुटुंबाची मोठी पुंजी असते. कुणी पतसंस्थेचे कर्ज काढतो, कुणी निवृत्तीचे पैसे घालतो, तर कुणी दोघे भाऊ मिळून गाडी घेतात. तीच गाडी आठवडी बाजाराला भाड्याने जाते, लग्नाला जाते आणि रात्री-अपरात्री घरच्या आजाऱ्याला परभणीला किंवा नांदेडच्या दवाखान्यात नेते. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले. म्हणजे या गाड्या नव्या मिळायच्या नाहीत. आहे ती सांभाळणे एवढेच आपल्या हाती आहे.

अशा गाडीचे इंजिन चांगले असले तरी खालचा भाग, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग, पाटे आणि रबरी बुश, आधी थकतो. मग खडखड सुरू होते. मालक गॅरेजला जातो, काय बिघडले हे त्याला ठाऊक नसते आणि 'सगळेच बदलावे लागेल' हे ऐकून तो महिन्याची कमाई मोजून येतो. तरीही आवाज पुन्हा आहेच! म्हणून दुखणे कसे ओळखावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

काळी माती आणि गाडीचे पाय

आपल्या परभणी जिल्ह्याची जमीन बहुतांशी काळी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. रस्त्याचा पाया पक्का भरलेला नसेल तर मातीबरोबर रस्ताही वर-खाली होतो व त्याला लाटा पडतात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या डांबरावरही गाडी डुलते ती यामुळेच. त्यात चिखल आणि धूळ रबरी टोप्यांत शिरते, आतले ग्रीस खराब होते आणि सांधे झिजतात.

आता कोण काय काम करते ते पाहू. स्प्रिंग किंवा पाटे गाडीचे वजन पेलतात आणि धक्का झेलतात. पण दाबलेली स्प्रिंग एकदा उसळली की उसळतच राहते. तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते. आतला दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. तेल गळून गेले की शॉकअप नावापुरता उरतो. मग चाक जमिनीला नीट चिकटत नाही आणि ब्रेक मारला तरी गाडी लवकर थांबत नाही. तेव्हा हा केवळ कंबरदुखीचा प्रश्न नाही, तर गाडीत बसलेल्या लेकराबाळांच्या जिवाचा आहे.

घरच्या घरी पाच तपासण्या

पहिली : चारही टायरची हवा बरोबर करून घ्या. गाडी एका बाजूला ओढते याचे कारण कित्येकदा फक्त कमी हवा असते.

दुसरी : गाडी सपाट जागी उभी करून दुरून पाहा. एक कोपरा खाली बसला असेल तर त्या बाजूची स्प्रिंग मोडलेली वा थकलेली असू शकते. ओम्नीला मागे पाटे असतात. त्यातले एखादे पान तुटले आहे का, ते वाकून पाहा.

तिसरी : एकेक कोपरा अंगाचा भार देऊन दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप संपला असे समजा. मात्र अर्धवट झिजलेला शॉकअप या तपासणीत सापडतोच असे नाही. म्हणून त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ किंवा तेलकट धुळीचा थर आहे का, तेही बघा.

चौथी : टायरवरून तळहात फिरवा. उंच-सखल खळगे लागले तर चाक उड्या मारत धावते आहे. टायर फक्त आतून किंवा बाहेरून घासला असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे किंवा बुश गेले आहेत.

पाचवी : सपाट जागी हँडब्रेक ओढून व मागच्या चाकांना अडण लावून पुढचे चाक जॅकवर उचला. चाक वर आणि खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तशीच राहिली तर बहुधा बॉल जॉईंटमध्ये. चाक डावी-उजवीकडे हलत असेल तर स्टेअरिंगचे सांधे तपासावे लागतील.

आवाजही बोलका असतो. लहान खड्ड्यात 'ठक' असा बोथट आवाज आला तर बुशचा संशय घ्यावा. पूर्ण वळण घेताना चालत्या गाडीत 'कटकट' आली तर तो दोष बहुधा एक्सलच्या सांध्याचा असतो. त्यासाठी शॉकअप बदलणे म्हणजे पैसे पाण्यात!

बदलताना काय पाहावे?

पैसे कमी असतील तर क्रम ठरवा. ढिला बॉल जॉईंट आणि मोडलेली स्प्रिंग आधी. बॉल जॉईंट निखळला तर चाक आडवे होऊन गाडी उलटू शकते, तेव्हा ते काम पुढच्या पगारावर ढकलू नये. त्यानंतर शॉकअप, मग बुश.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा आणि एक जुना असला की गाडीचा तोल बिघडतो. बुशचे बोल्ट मिस्त्रीने शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबकळत असताना कसले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. हे एवढे वाक्य मिस्त्रीला आठवणीने सांगा. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, जुना माल परत मागा आणि पावती घ्या. जास्त ओझ्यासाठी पाट्यात जादा पान घालण्याचा मोह टाळा. गाडी ताठ होते आणि धक्के सगळे बॉडीला बसतात.

एक कडक इशारा

पुढच्या स्ट्रटमधली स्प्रिंग प्रचंड जोराने दाबलेली असते. ती दाबून धरण्याचे साधन न लावता वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी सुटते. हे काम घरी करू नये. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. विटा-दगडांचा टेकू देऊ नये, वीट अचानक फुटते. लोखंडी स्टँडच वापरावा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे परिवहन कार्यालयात तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तपासणीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, या पाच तपासण्या कराव्यात.

या कामाला मोठे शिक्षण लागत नाही. घरच्या भगिनीही कोपरा दाबून, टायरवर हात फिरवून दोष ओळखू शकतात. दहावी झालेल्या मुला-मुलींना यात गोडी वाटली तर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची जरूर चौकशी करावी. आपल्या वस्तूचे ज्ञान आपल्याला असले की कुणी आपल्याला फसवू शकत नाही. घामाचा पैसा जपण्याचा हाच खरा मार्ग होय.