पंधरा मिनिटांची भेट

११ मे १९३५, शनिवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे रबराच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन येरझाऱ्या घालतोय. शेअरबाजारातला माणूस. एक कंपनी ताब्यात घ्यायला आला होता, तो डाव पार फसलाय. खिशात जेमतेम पैसे. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येतोय. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याला दारू सोडून पाच महिने झालेत.

बिल फोनकडे वळला. एका पाद्र्याकडे त्याने जे मागितलं, ते वाचून मी प्रथम थबकले. पैसे नाहीत, डॉक्टर नाही, प्रार्थनाही नाही. मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय, असा कुणी माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मिळालेल्या नावांवर तो एकामागून एक फोन करत गेला, आणि अखेर हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपाशी पोचला. त्यांच्या ओळखीत असा एक माणूस होता: डॉ. बॉब स्मिथ, शल्यचिकित्सक, हाडाचा पिणारा. त्या दिवशी तो भेटण्याच्या अवस्थेतच नव्हता. दुसऱ्या दिवशी बायकोच्या आग्रहाखातर आला, तोही फक्त पंधरा मिनिटं बसेन म्हणून. संध्याकाळी पाचला सुरू झालेलं बोलणं रात्री सव्वाअकरापर्यंत चाललं.

त्याआधीचे पाच महिने बिल न्यूयॉर्कमध्ये दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत होता. त्यातला एकही सुटला नाही. पण बिल स्वतः मात्र कोरडा राहिला होता! अ‍ॅक्रनमध्ये त्याला उमगलं की समोरच्याची गरज त्यालाच आहे. म्हणून डॉ. बॉबला त्याने उपदेश केला नाही, आपली हकीकत सांगितली. आयुष्यभर उपदेश ऐकलेल्या डॉक्टरला पहिल्यांदा कुणीतरी आपल्याच भाषेत बोलतंय असं वाटलं. पुढे डॉक्टर एकदा घसरला. त्यानंतर एका शस्त्रक्रियेच्या सकाळी त्याचे हात थरथरत होते, ते स्थिर व्हावेत म्हणून बिलनेच त्याला बिअर दिली. ती त्याची शेवटची. १० जून १९३५ हा तो दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानतात.

मुंबईत एए १९५७ पासून आहे. भारतातलं मध्यवर्ती कार्यालय भायखळ्याला. गटांच्या मीटिंगा बहुधा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या खोलीत, कुठल्याशा हॉलमध्ये संध्याकाळी भरतात. मीटिंग शोधायची तर एएच्या हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे बोलणारा बहुधा स्वतः एकेकाळी पिणाराच असतो, त्यामुळे ‘किती पिता?’ या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची गरज उरत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टर गाठावा, मीटिंगही धरावी.

एका खुल्या मीटिंगला मीही बसले आहे. खुल्या मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून कुणाचीही कहाणी इथे लिहीत नाही. रीत मात्र सांगते. उभं राहायचं, पहिलं नाव सांगायचं, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणायचं आणि आपलंच सांगायचं. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर तेही चालतं. सदस्य व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, पावतीपुस्तक नाही. सदस्यांच्याच ऐच्छिक वर्गणीतून भाडं आणि चहा भागतो, बाहेरची देणगी घेत नाहीत. आपल्याकडे चार माणसं जमली की आधी अध्यक्ष ठरतो. इथे जो तो आळीपाळीने सेवा करतो, आणि हे इतकी वर्षं टिकलंय.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. एएकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांत दारूपासून सलग दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त आढळलं. कारणं शोधणाऱ्या संशोधकांना त्यात सोबत बदलण्याचा मोठा वाटा दिसला. पिणारे मित्र मागे पडतात, न पिणारे मित्र मिळतात. सगळ्यांनाच ही वाट मानवत नाही. तिच्यातली परमेश्वराची भाषाही काहींना खटकते. पण एका गटात मन रमलं नाही तर दुसरा पाहावा, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन आहे. १९५१ साली ते सुरू करणाऱ्यांत बिलची बायको लोइस होती.

नवा माणूस बहुतेकदा दाराजवळच्या बाकावर बसतो, लगेच निघता यावं म्हणून. मीटिंग संपली की कुणीतरी चहा घेऊन त्याच्याजवळ येतं, कागदाच्या चिठोऱ्यावर आपला नंबर लिहून देतं आणि सांगतं, ‘पहिला पेग घ्यायच्या आधी फोन कर. रात्री कितीही वाजले असू देत.’