डिंक विरघळतो, धागा राहतो

विदर्भात गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसलेली टसरची अळी स्वतःभोवती जो कोष विणते, तो देठाने फांदीला लटकलेला, अंडाकृती, सर्व बाजूंनी बंद आणि बोटांनी दाबूनही न दबणारा असतो. त्याला दार नसते आणि आतल्या पतंगाला तो कुरतडण्याजोगे जबडेही नसतात. त्याचे तोंड इतके क्षीण झालेले असते की आयुष्याचे मोजके दिवस तो काही न खाताच काढतो. तरीही तो बाहेर येतो, ते कोकूनेज या विकरामुळे. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रियांना गती देणारे, बहुधा प्रथिनरूप द्रव्य. कोकूनेज हे प्रथिने तोडणारे विकर असून अन्न पचवणाऱ्या ट्रिप्सिनच्या कुळातले आहे.

हार्वर्ड विद्यापीठात फोटिस काफाटोस आणि कॅरल विल्यम्स यांनी 1964 साली टसरच्याच प्रजातीतील पतंगांवर हे काम प्रसिद्ध केले. त्यात सर्वांत विलक्षण आहे ती विकराची जागा. फुलपाखरांत तोंडाचे जे दोन अवयव जुळून मध शोषणारी सोंड बनते, तेच अवयव या उपाशी पतंगांत विकर तयार करतात. खाण्याचे काम संपले, म्हणून अवयव वाया गेला नाही. पेशींत हे विकर निष्क्रिय पूर्वरूपात साठते, बाहेर आल्यावर कात टाकण्याच्या द्रवातील दुसऱ्या विकरामुळे कार्यक्षम होते आणि त्या अवयवांवर वाळून स्फटिकासारखा थर धरते.

कोरडे विकर काही करू शकत नाही. बाहेर पडण्याची वेळ आली की पतंग ओठांजवळच्या ग्रंथीतून पाण्यासारखा द्रव सोडतो. हे मुख्यतः पोटॅशियम बायकार्बोनेटचे द्रावण असते, म्हणजे विकर विरघळायला पाणी आणि त्याला मानवणारा सौम्य अल्कधर्मीपणा या दोन्ही गोष्टी एकाच स्रावातून मिळतात. देठाजवळच्या टोकावर बाहेरून ओला डाग उमटतो, तेव्हा आत काम सुरू झालेले असते. रेशीम दोन प्रथिनांचे असते: फायब्रॉइन हा खरा धागा आणि सेरिसिन हा धाग्याला धागा चिकटवणारा डिंक. कोकूनेज सेरिसिन तोडते. फायब्रॉइनची घट्ट, स्फटिकवत बांधणी त्याला दाद देत नाही. डिंक सैल झाला की पतंग डोक्याने आणि पायांनी धागे बाजूला सारत वाट काढतो.

साऱ्याच पतंगांना याची गरज पडत नाही. अमेरिकेतील सेक्रोपिया पतंगाच्या कोषात आतून सहज ढकलता येईल असे तोंड आधीच राखलेले असते. टसरचा धागा काढणाऱ्यालाही नेमके पतंगाचेच काम करायचे असते, डिंक घालवायचा आणि धागा राखायचा. त्यासाठी तो कोष सोड्याच्या पाण्यात उकळतो, ज्यात धाग्याचा मऊपणा आणि मूळचा रंग काही अंशी जातो. म्हणून कोष शिजवण्यासाठी कोकूनेज वापरण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत, आणि ते मनापासून पुढे न्यावेत असेच आहेत.

बीजासाठी राखलेल्या कोषांतून मात्र पतंगाला बाहेर येऊ द्यावेच लागते. त्या फुटक्या कोषाच्या तोंडाशी धागे विसकटलेले असल्याने सलग धागा निघत नाही. तो हाताने ओढून काढावा लागतो, आणि त्या जाडसर, गाठाळ सुताला घिचा म्हणतात.