माशी, मांस आणि जाळीचं कापड

उघड्यावर राहिलेल्या मांसात अळ्या पडतात. सतराव्या शतकात युरोपातले भलेभले मानत, की सडण्यातून त्या आपोआप उपजतात. फ्लॉरेन्सचे राजवैद्य फ्रान्चेस्को रेदी यांना हे पटेना. पण नुसतं 'पटत नाही' म्हणून प्रयोग होत नाही. त्यांनी मुद्दा जर-तरमध्ये बसवला : अळ्या माश्यांमुळे होत असतील, तर माश्या पोचू न दिलेल्या मांसात त्या होता कामा नयेत. हे विधान खोटं ठरू शकतं, म्हणूनच ते कामाचं.

मग मेलेला साप, नदीतले मासे, वासराचं मांस बरण्यांत भरलं. एक संच उघडा, दुसरा कागद-दोऱ्याने घट्ट बांधलेला. बदलायचं ते माश्यांचं येणं-जाणं, बघायचं ते अळ्या होतात का, बाकी सगळं सारखं. उघड्या बरण्या वळवळू लागल्या. बंद बरण्यांत मांस नुसतंच सडलं.

इथे एक खोच आहे. झाकणाने माशी अडली, तशी हवाही अडली. दोन चल एकदम बदलले, मग श्रेय कोणाला द्यायचं? खरी हुशारी मला पुढच्या पायरीत दिसते. रेदींनी बरण्यांवर तलम जाळीचं कापड ताणलं. हवा आत, माशी बाहेर. माश्या कापडावर घोंगावत राहिल्या. आतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत.

हे सगळं 1668 साली पुस्तकरूपाने आलं. गंमत म्हणजे, झाडांवरच्या गाठींतले किडे झाडच निर्माण करतं, असं त्याच पुस्तकात रेदींनी मानलं आहे.