अमेरिकेतलं ट्रकचं लायसन्स: कागद कोण तपासतं आणि काय तपासतं

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या टर्नपाइक महामार्गावर एका ट्रकने भलत्याच जागी यू-टर्न घेतला आणि तिघांचा जीव गेला. चालक मूळचा भारतातला. तेव्हापासून व्हिसा, लायसन्स, इंग्रजी आणि अपघात या चार वेगळ्या गोष्टी एकाच भांड्यात कालवल्या जात आहेत.

गैरसमज: ‘नॉन-डॉमिसाइल्ड’ परवाना म्हणजे बेकायदा परवाना.
तसं नाही. तिथे अवजड वाहनाच्या परवान्याला सीडीएल म्हणतात. तो राज्य देतं, नियम मात्र केंद्राचे. नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना नेहमीचा सीडीएल मिळतो. वर्क परमिट किंवा वैध परदेशी पासपोर्टसोबत आय-९४ ही प्रवेशाची नोंद असलेल्यांसाठी ‘नॉन-डॉमिसाइल्ड’ हा दुसरा प्रकार होता. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यालाही वर्क परमिट मिळू शकतं, आणि त्यावर सीडीएल मिळत असे. हे धोरण कुणाला पटणार नाही, पण कागद खोटा नव्हता. कॅलिफोर्निया कागदपत्रं नसलेल्यांनाही परवाना देतं हे खरं, पण तो साध्या मोटारीचा. २६,००१ पौंडांचा, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपासचा ट्रक त्यावर चालवता येत नाही.

गैरसमज: ‘सेव्ह’ने हिरवा कंदील दाखवला की लायसन्स पक्कं.
सेव्ह ही केंद्राच्या इमिग्रेशन खात्याची पडताळणी यंत्रणा, १९८६च्या कायद्यातून आलेली. समोरच्या माणसाचा दर्जा काय, एवढंच ती सांगते. नोंद जुळली तर उत्तर काही सेकंदांत येतं. नाही जुळली तर कर्मचारी हाताने तपासतो. परवाना द्यायचा की नाही हे राज्य ठरवतं. ट्रक रिव्हर्स घेता येतो का, हे सेव्हला कुठून कळणार? त्यासाठी लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा असते.

खरी गफलत बरीचशी तारखांची होती. वर्क परमिट संपतं एका दिवशी, परवान्यावर मुदत त्याच्या पुढची. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने याच कारणाने सुमारे १७,००० चालकांना परवाने रद्द करण्याच्या नोटिसा पाठवल्या. मुदत छापली होती कार्यालयाने, नोटीस आली चालकाला.

त्याआधी सप्टेंबरमध्ये केंद्राने नियम आवळला: फक्त एच-२ए, एच-२बी (तात्पुरते कामगार) आणि ई-२ (करार असलेल्या देशांतले गुंतवणूकदार) व्हिसावाले पात्र, सेव्हची पडताळणी सक्तीची, आणि मुदत फार तर वर्षाची. ई-२चा करार भारताशी नाहीच, त्यामुळे ती वाट आपल्या पासपोर्टवाल्यांना बंद. नोव्हेंबर २०२५ मध्येच अपील न्यायालयाने या नियमाला स्थगिती दिली. प्रकरण असं हलतं असल्याने एजंटने दाखवलेल्या जुन्या कागदावर पैसे मोजू नयेत.

गैरसमज: परवान्यावर ‘नो नेम गिव्हन’ छापलंय, म्हणजे बनावट.
ओक्लाहोमात न्यूयॉर्कचा असा एक परवाना सापडला आणि हशा झाला. महाराष्ट्रात आडनावाशिवाय माणूस सहसा सापडत नाही, पण देशात आडनाव नसलेले, एकच नाव असलेले पासपोर्ट भरपूर आहेत. तिथल्या अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. रिकाम्या रकान्यात असे शब्द येऊन बसतात.

इंग्रजीची अट वेगळीच, आणि ती नागरिकांनाही लागू आहे. नियम जुना, पण २५ जून २०२५ पासून तपासणीत इंग्रजी कमी पडलं, तर चालकाला जागीच थांबवतात.

राहिलं आपलं हेवी लायसन्स. मेक्सिको आणि कॅनडाचे व्यावसायिक परवाने अमेरिकेत चालतात. भारताचा चालत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परमिट जोडलं तरी.