फुटकी बादली आणि २२ बाय १६ मीटर

पावसात तुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली, तर आपण काय म्हणू? हुंदडतायत, झालं! २००१ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना तेच दृश्य दिसलं, पण त्यात त्यांनी पाहिला फुटबॉलचा सामना. त्यांनी त्या पोरांना खराखुरा फुटबॉल दिला आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. (२०२२चा 'झुंड' हा चित्रपट पाहिला असेल, तर अमिताभ बच्चन यांच्या रूपातले हे मास्तर आठवतील.)

पण चेंडू आला, मैदानाचं काय? नेहमीचं फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. झोपडपट्टीत तर दोन सायकली शेजारी लावायची मारामार!

आता ही युक्ती पाहा. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा फुटबॉल विश्वचषक सुरू झाला. त्याचं मैदान फक्त २२ बाय १६ मीटर. म्हणजे कबड्डीची जेमतेम पावणेतीन मैदानं! एका वेळी मैदानात संघाचे चौघे, खेळ सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. गणित करून बघा: क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका मोठ्या मैदानात अशी वीस मैदानं बसतात. जिथे बावीस जण खेळले असते, तिथे एकशे साठ खेळतील.

आणि चौघांत कच्चं लिंबू होऊन कोपऱ्यात उभं राहायची सोयच नाही. चेंडू दर काही क्षणांनी तुमच्या पायाशी येणारच.

त्याहून भन्नाट नियम पुढे आहे. प्रत्येक संघाचा एक खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्यात थांबलाच पाहिजे. त्यामुळे चढाईला तिघे आणि अडवायला गोलरक्षक सोडून दोघेच. गोल होणार नाहीत तर काय होईल? ज्या मुलाला आजवर कुणी शाबासकी दिली नाही, त्याच्या नावावर इथे गोल लागतो!

इकडे नागपुरात 'स्लम सॉकर'ने खेळाला शिकण्याचीही जोड दिली. सराव करता करता आकडेमोड, आरोग्याच्या गोष्टी. मुलांना वाटतं, आपण खेळतोय. २०१६ साली फिफाने या कामाला आपला विविधता पुरस्कार दिला.

मला मात्र सगळ्यात थक्क करतो तो बेघरांच्या विश्वचषकाचा आणखी एक नियम. खेळाडूला आयुष्यात इथे एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, दुसरी संधी नाही! इतर स्पर्धांना तेच तेच तारे हवे असतात. इथे जागा पुढच्या मुलासाठी मोकळी करायची.

मग खेळून झालेल्याने करायचं काय? नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० साली रिओमधल्या याच विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. नंतर तो पोरांना शिकवायला लागला. बंदी खेळाडूला आहे, मास्तरला नाही.