रुंद स्की, अरुंद स्की आणि हिमाची नाना रूपे

भाताच्या खाचरात चिखलणी चालू असताना तुम्ही कधी उतरला असाल, तर पाय पोटरीपर्यंत कसा रुततो हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्याच चिखलावर एखादी लांब फळी टाकून तिच्यावर उभे राहिले, तर माणूस फारसा रुतत नाही. माणसाचे वजन तेच आणि चिखलही तोच. मग फरक कशामुळे पडला? फळीमुळे वजन अधिक क्षेत्रफळावर वाटले गेले आणि दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब कमी झाला.

हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्यासाठी पायांना ज्या लांब पट्ट्या जोडतात, त्यांना ‘स्की’ म्हणतात. स्कीचे पहिले काम या फळीचेच. मग स्की जितकी रुंद तितकी चांगली, असे का म्हणू नये? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

थोडे गणित करू

समजा, स्की करणाऱ्याचे वजन सामानासकट ७० किलोग्रॅम आहे. त्याच्या दोन्ही बुटांच्या तळांचे क्षेत्रफळ मिळून ४०० चौरस सेंटिमीटर धरू. नुसत्या बुटांनी उभा राहिला, तर दाब पडेल दर चौ. सेंमी.ला १७५ ग्रॅम. आता त्याने १७० सेंमी. लांब व ७ सेंमी. रुंद स्की घातल्या. दोन्हींचे क्षेत्रफळ झाले २,३८० चौ. सेंमी. आणि दाब उतरला सुमारे २९ ग्रॅमवर. तेवढ्याच लांबीच्या पण ११ सेंमी. रुंद स्की घातल्या, तर दाब होईल सुमारे १९ ग्रॅम.

हे आकडे ज्या हिमावर लागू करायचे, ते हिम मात्र एकसारखे नसते. नुकतेच पडलेले कोरडे, भुसभुशीत हिम घनमीटरला ५० ते १०० किलोग्रॅम इतकेच भरते. म्हणजे त्यात सुमारे नऊ-दशांश जागा हवेचीच! वाऱ्याने दडपलेले हिम घनमीटरला ३०० ते ४०० किलोग्रॅम भरते, तर घट्ट बर्फ ९१७ किलोग्रॅम. भुसभुशीत हिमावर दाब पडला की ते चेपले जाते आणि वजन पेलण्याइतके घट्ट होईपर्यंत स्की खाली जाते. रुंद स्कीचा दाब कमी, म्हणून ती लवकर थांबते.

वेगाचाही येथे हातभार लागतो. चपटा दगड तळ्यावर तिरका फेकला, की तो टप्पे घेत जातो. तसेच पुढचे टोक किंचित वर असलेली स्की धावू लागली, की समोरचे हिम खाली रेटते आणि ते हिम स्कीला वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियमच हा! रुंद स्की अधिक हिम रेटते, म्हणून कमी वेगातही ती वर राहते.

मग अडते कोठे?

आता हिम टणक आहे असे समजा. टणक पृष्ठावर स्की रुतायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे वळण्याचा आणि थांबण्याचा. त्यासाठी स्की कुशीवर कलती करून तिची पोलादी कड हिमात रोवावी लागते. येथे मोठे क्षेत्रफळ नको, सुरीच्या धारेसारखी बारीक कड हवी.

स्की कलती झाली, की सारा भार कडेवर येतो. ही कड पायाच्या मध्यरेषेपासून जितकी दूर, तितके तिचे परिबल, म्हणजे फिरवण्याची ताकद, मोठे. हे परिबल स्कीला पुन्हा सपाट पाडू पाहते. ७० किलोग्रॅमचा भार एका कडेवर आला असे धरा. ७ सेंमी. रुंद स्कीची कड मध्यापासून ३.५ सेंमी. दूर असते, ७० गुणिले ३.५ म्हणजे २४५. ११ सेंमी. रुंदीला ७० गुणिले ५.५ म्हणजे ३८५. ही वाढ दीडपटीहून अधिक झाली, आणि ती सोसायची कोणी? घोट्याने आणि गुडघ्याने. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना रुंद स्कीला अधिक वेळ लागतो. म्हणून बर्फाळ उतारावर अरुंद स्की चपळ ठरते आणि रुंद स्की जड वाटते.

एकाच उतारावर अनेक ऋतू

काश्मीरमधील गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. तेथील रज्जुमार्ग अफरवतच्या डोंगरावर सुमारे ३,९०० मीटरपर्यंत जातो. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. म्हणजे वर आणि खाली सुमारे ८ अंशांचा फरक! वरच्या कण्यावर वाऱ्याने दडपलेले हिम, आडोशाच्या घळीत मऊ हिम आणि खाली उन्हाने ओलावलेले जड हिम अशी सारी रूपे एकाच घसरणीत भेटू शकतात.

अशा डोंगरांसाठी मधल्या रुंदीच्या, साधारण ९.५ ते १०.५ सेंमी.च्या स्की वापरतात. मऊ हिमात त्या पुरेशा तरंगतात आणि टणक हिमावर कडही बऱ्यापैकी धरतात. ओल्या, तुडवलेल्या हिमात अरुंद स्की गोळ्यांत अडकते, तर रुंद स्की त्यांवरून पुढे जाते. पातळ कवच धरलेले हिम मात्र दोघींनाही अवघड. कवच मध्येच फुटले, की स्की खाली अडकते.

घसरणे सोपे का होते, हेही पाहा. दाबाने हिम वितळते, असा एक समज आहे. पण एका वातावरणाइतक्या दाबाने बर्फाचा द्रवणांक ०.००७५ अंशानेच उतरतो, आणि स्कीचा दाब तर त्याच्या तीस-पस्तीसाव्या भागाइतका! बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिले, की घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचे काम करतो. कडाक्याच्या थंडीत हा थर नीट बनत नाही, म्हणून हिम वाळूसारखे खरखरीत लागते. उलट फार ओल्या हिमात पाणी जास्त होऊन स्की चिकटते.

रुंद स्की ही नवी कल्पना आहे का? स्वीडनमधील काल्व्ह्‌ट्रेस्क येथे १९२४ साली सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती सुमारे १५ सेंमी. रुंद आहे! पुढे आखीव, दाबलेले उतार आले तसतशा स्की अरुंद झाल्या. २००२ साली शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या कल्पनेतून, पाण्यावरच्या स्कीवरून सुचलेली, रुंद आणि टोके वर उचललेली ‘स्पॅट्युला’ बाजारात आली. त्यानंतर टोके उचललेल्या स्की सर्वत्र रूढ झाल्या.

एक धोक्याची सूचना

रुंद स्कीमुळे खोल हिमात जाणे सोपे झाले आहे, परंतु हिमस्खलनाचा धोका तिने कमी होत नाही. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीसाठी आवडते उतारही नेमके तेच! कमकुवत थरावर वाऱ्याने रचलेली हिमाची लादी एका माणसाच्या भारानेही सुटू शकते. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ प्रशिक्षण घेणारे लष्कराचे अनेक जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. डोंगराला जे वाकवता येत नाही, ते उपकरणाने वाकत नाही. तेथे हवामानाचा इशारा आणि जाणत्या मार्गदर्शकाचा शब्द मानावाच लागतो.

करून पाहा

परातीत मैदा चाळून घ्या व तो सैलच राहू द्या. पुठ्ठ्याच्या किंवा पातळ लाकडाच्या दोन पट्ट्या घ्या. एक १० सेंमी. लांब व २ सेंमी. रुंद, दुसरी तेवढीच लांब पण ४ सेंमी. रुंद. प्रत्येकीवर ५०० ग्रॅमचे वजन अलगद ठेवा आणि पट्टी किती रुतते ते मोजा. मग मैदा तळहाताने घट्ट दाबून हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळच्या नोंदी वहीत शेजारी शेजारी लिहा आणि सांगा: रुंदीचा फायदा कोणत्या मैद्यात अधिक दिसला, आणि का?