फेलोशिप कुणासाठी? आपल्यासाठीच!

राजगुरुनगरहून बोलतेय.

आमच्या गटातल्या एका ताईला नवऱ्याने टाकून चार वर्षं झाली. ती चाकणला कॅन्टीनमध्ये दिवसभर चपात्या लाटते. पण रेशनकार्डावर नाव अजून सासरीच, त्यामुळे तिच्या लेकरांना सगळं धान्य विकतचं. तिच्याबरोबर मी एका कार्यालयात गेले. “नवऱ्याला घेऊन या,” असं उत्तर मिळालं. मी बीए झालेली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. तशाच परत आलो.

नंतर मी वाचलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. म्हणजे कायदा होता, धान्यही होतं. ठामपणे बोलणारी बाई तेवढी नव्हती.

अशी माणसं घडवायला फेलोशिप असते. शब्द इंग्रजी, पण अर्थ सोपा. ठरावीक काळ प्रशिक्षण आणि मानधन मिळतं, आणि आपण लोकांचा एखादा प्रश्न हाती घेऊन तडीस न्यायचा. सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, तिला पदवी लागते. पण मुंबईच्या वस्त्यांत १९८९ पासून काम करणाऱ्या कोरो संस्थेने २००८ पासून तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठी नेतृत्व फेलोशिप चालवली. तिथे मोठ्या पदवीपेक्षा प्रश्नाची झळ सोसलेली माणसं महत्त्वाची. त्यातूनच मराठवाड्यात एकल महिला संघटना उभी राहिली. विधवा, टाकलेल्या, बिनलग्नाच्या बाया एकमेकींच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या.

मैत्रिणींनो, फेलोशिप मिळेल तेव्हा मिळेल, सुरुवात आजच करता येते. अर्ज लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकटीने जाऊ नका. रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक फिरवा.

आमची ताई परत गेली, या वेळी आम्ही पाचजणी सोबत होतो. अर्जाची पोच तिच्या पिशवीत आहे. कार्ड अजून हातात नाही, पण “नवऱ्याला आणा” असं कुणी म्हणालं नाही.

पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली की एवढं ठरवा : आपल्या गटातून शिकायला कोण जाणार? आणि ती गेली, तर तिच्या घरचं मागे कोण बघणार?